मागची फळी – लेखांक ११ : सेंटर बॅकचं पुढे काय होतं?

ऑफसाइडचा सापळा आज उलगडणार होतो. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. निमित्त तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या एका वाचकांच्या प्रश्नाचं. त्यांचा मुलगा स्ट्रायकर होता; नव्या कोचनं त्याला सेंटर बॅकला टाकलंय. ‘गोल मारायचे नाहीत, नाव व्हायचं नाही, मग मागे खेळून पुढे काय?’

उत्तरासाठी त्यांना फार लांब जायला नको. देहूरोडपलीकडे मामुर्डीला पुणे एफसीची अकादमी होती. २००९ ते २०१३ दरम्यान त्या क्लबच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. गोव्याचे, साळगावकर क्लबचे सेंटर बॅक. परेरा घडले त्या काळात गोव्यात बचावाला मान होता. १९८३-८४ चा संतोष करंडक गोव्यानं जिंकला तो अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता. कर्णधारही गोलरक्षकच, ब्रह्मानंद शंखवाळकर.

आता सेंटर बॅकचे दोनच सेकंद बघा. प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला लाइनवर चेंडू मिळाला. आपला फुल बॅक त्याच्या अंगावर गेला आणि मागे भगदाड पडलं. सेंटर बॅक चार पावलं तिकडे सरकतो, एक हात मागे ठेवून त्यांचा स्ट्रायकर चाचपतो आणि पलीकडच्या फुल बॅकला ओरडतो, ‘आत ये, आत!’ चेंडूला पाय लागलेला नाही, तरी गोल वाचला. स्ट्रायकरला समोर गोलजाळं दिसतं, याला सगळं मैदान. शिवाय याचा निम्मा वेळ जातो दुसऱ्याची चूक निस्तरण्यात. प्रशिक्षकाचं काम याहून वेगळं ते काय?

आइस हॉकीतलं उदाहरण मला फार आवडतं. लॅरी रॉबिन्सन माँट्रिअल कॅनेडियन्सचा डिफेन्समन. खेळाडू म्हणून सहा स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद. २००० साली न्यू जर्सी डेव्हिल्सनं साखळीतले आठ सामने उरले असताना मुख्य प्रशिक्षकाला काढलं आणि सहायक असलेल्या रॉबिन्सनला उभं केलं. उपांत्य फेरीत फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेत संघ १-३ असा मागे पडला. एरवी सौम्य असलेल्या या धिप्पाड माणसानं ड्रेसिंग रूममध्ये कचऱ्याचा डबा लाथाडला आणि पोरांना यथेच्छ झापलं. पुढचे तिन्ही सामने डेव्हिल्सनं जिंकले, मग कपही.

परेरांवरही ही वेळ आली. डिसेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक हुआन फेरांदो भर हंगामात एफसी गोवा सोडून कोलकात्याला गेले, तेव्हा क्लबनं परेरांच्या हाती संघ दिला. पण इथे डबा लाथाडून भागणारं नव्हतं. गोवा लीगमध्ये नववा आला. मोडलेलं सावरायला बोलावतात, म्हणून ते दरवेळी सावरतंच असं नाही.

पूर्ण हंगाम हाती आले, तेव्हा त्यांनी काय केलं? २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप, दोन्ही जिंकून दिले. नवख्या पुणे एफसीला आय-लीगमधल्या त्यांच्या पहिल्याच हंगामात तिसरं आणि २०१२-१३ मध्ये दुसरं स्थान. पुढे पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सचे ते प्रशिक्षक झाले.

आता या तीन क्लबांचं काय झालं ते ऐका. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद.  पुणे एफसीनं २०१५ मध्ये गाशा गुंडाळला, शिवाजियन्सनं २०१७ मध्ये. माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे प्रशिक्षकाची कारकीर्द गुणतक्त्यावर ठरत नाही, मालकाच्या ताळेबंदावर ठरते. लीगमध्ये दुसरा आलेला क्लब दोन वर्षांत पुसला जातो. मग पुढच्या पिढीचे परेरा तयार व्हायचे कुठे? मामुर्डीच्या मैदानावर की कंपन्यांच्या सामाजिक अहवालात?

तेव्हा वाचकहो, मुलगा मागे गेला म्हणून जीव थोडा करू नका. रविवारी मैदानावर जाल तेव्हा त्यानं चेंडू किती वेळा अडवला ते मोजू नका. तो बोलतो का, ते ऐका. गप्प उभा असेल, तर कोचना भेटा. ओरडत असेल, तर त्याला तिथेच राहू द्या.

ऑफसाइडचा सापळा पुढच्या आठवड्यात नक्की. त्यालाही सुरुवात ओरडण्यापासूनच होते.