चार क्लबांचा एक क्लब



१९४८ सालच्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस स्वतंत्र हिंदुस्थानचा फुटबॉल संघ आपला पहिला ऑलिंपिक सामना खेळला. प्रतिपक्षीं फ्रान्स होतें, आणि आमचे बहुतेक गडी अनवाणी खेळत होते. दोन पेनल्टी वायां गेल्या आणि फ्रान्सनें दोनास एक असा सामना जिंकला. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. सामना कोठें झाला, हें मात्र थोड्यांनाच आठवतें. तो वेम्ब्लीच्या भव्य क्रीडांगणावर झाला नाहीं. लंडनच्या पूर्वेस इलफर्ड म्हणून एक वस्ती आहे, तेथें झाला. त्या वस्तीचा स्वतःचा एक नामांकित हौशी क्लब होता. तो जुना क्लब आज नाहीं. तो बुडाला असेंही म्हणतां येत नाहीं, कारण एका क्लबांत दुसरा, दुसऱ्यांत तिसरा, असा तो आज 'डॅगनम अँड रेडब्रिज' या नांवाखालीं कोठेंतरी शिल्लक आहे. तो तेथपर्यंत कसा पोंचला, तें आज सांगावयाचें आहे.

इलफर्ड, लेटनस्टोन आणि वॉल्थमस्टो हीं तीन गांवें एकमेकांपासून कांहीं मैलांच्याच अंतरावर. पूर्वी तीं एसेक्स परगण्यांत मोडत. १९६५ सालीं बृहत् लंडनमध्यें गेलीं. इलफर्डचा क्लब १८८१ चा, लेटनस्टोनचा १८८६ चा, आणि 'वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू' हा १९०० सालचा. तिन्ही क्लब हौशी. हौशी म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. खेळाडू आठवडाभर कचेरींत किंवा कारखान्यांत राबे, आणि शनिवारीं दुपारीं क्लबाचा सदरा चढवून मैदानांत उतरे. त्याबद्दल त्यास एक पेनीही घेण्याची मुभा नसे. १९०५ सालीं स्थापन झालेली 'इस्थमियन लीग' हें या तत्त्वाचें माहेरघर. तिच्या संस्थापकांत इलफर्डचा क्लब होता. मान मिळाला कीं पुरे, अशा अर्थाचें लॅटिन ब्रीद या लीगनें घेतलें होतें, आणि आरंभीं विजेत्यास ती करंडक किंवा पदकें देतही नसे!

अशा क्लबांचें परम दैवत म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा हौशी चषक. तो इलफर्डनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकला. लेटनस्टोननें १९४७, १९४८ आणि १९६८ सालीं. वॉल्थमस्टोनें १९५२ व १९६१ सालीं. म्हणजे या एका टापूंत एकूण सात वेळां. त्यांतील १९५२ च्या अंतिम सामन्यास वेम्ब्लीवर एक लाख माणसें जमलीं होतीं. एक लाख! धंदेवाईक खेळाडूंच्या सामन्यासही इतकी गर्दी सहसा लोटत नाहीं. वॉल्थमस्टोच्या त्या संघांत ट्रेव्हर बेली होता. आपल्याकडील क्रिकेटच्या शौकिनांस हें नांव ओळखीचें आहे. पुढच्याच वर्षीं लॉर्ड्‌सवर वॉटसनच्या साथीनें तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडून ज्यानें ऑस्ट्रेलियाच्या हातून सामना सोडविला, तोच हा बेली.

१९५३ च्या जानेवारींत त्याच क्लबानें आणखी एक पराक्रम केला. सर्वांस खुल्या असलेल्या एफ्. ए. चषकाच्या चौथ्या फेरींत त्यांची गांठ मँचेस्टर युनायटेडशीं पडली. मँचेस्टर म्हणजे आदल्या हंगामाचे इंग्लंडचे विजेते, सर्व पगारी गडी, आणि सामना त्यांच्या घरच्या मैदानावर. तेथें हौशी वॉल्थमस्टोनें एकास एक अशी बरोबरी साधली. पुन्हां सामना झाला तेव्हां मँचेस्टरनें पांच गोल केले व वॉल्थमस्टोनें दोन. पण पहिल्या सामन्याची ती बरोबरी कोणासही पुसतां आली नाहीं.

मग उतार कां लागला? याचीं कारणें शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. दूरचित्रवाणी घरोघर आली आणि शनिवारचा प्रेक्षक रोडावला. दुसरें असें, कीं हौशीपण हें हळूहळू सोंग होऊं लागलें होतें. सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटांत कांहीं नोटा सांपडत, आणि त्या कोणी ठेवल्या हें कोणी विचारीत नसे. अखेर १९७४ सालीं असोसिएशननें हौशी व धंदेवाईक हा भेदच रद्द केला, आणि हौशी चषकही त्याबरोबर संपला. त्या चषकाच्या शेवटच्या अंतिम सामन्यांत हरलेला संघ कोणता, तर इलफर्ड. यापुढें हे क्लब निमधंदेवाईक झाले: खेळाडूची नोकरी कायम, पण सरावाच्या व सामन्याच्या दिवसांबद्दल थोडा उघड मोबदला. पूर्वी जो खर्च नव्हता तो आतां हिशेबाच्या वहींत चढला, आणि फाटकावरचें उत्पन्न मात्र घटलेलें.

परंतु माझ्या मतें खरें कारण तिसरेंच आहे, आणि तें म्हणजे जमीन. हीं मैदानें जेव्हां आंखलीं गेलीं, तेव्हां आजूबाजूस मोकळी जागा होती. पन्नास-पाऊणशें वर्षांत लंडन वाढत वाढत त्यांच्या कुंपणाला येऊन भिडलें. ज्या क्लबाची शिल्लक नांवापुरती, त्याच्या पायांखालची जमीन मात्र घरें बांधणाऱ्यांस सोन्याची झाली. इलफर्डनें आपलें मैदान गमावलें आणि १९७९ सालीं तो लेटनस्टोनशीं एकरूप झाला. जोडनांव झालें 'लेटनस्टोन-इलफर्ड'. संघ चांगला होता. १९८२ सालीं त्यानें लीगही जिंकली. पुढें १९८६ सालीं लेटनस्टोनचेंही मैदान विकलें गेलें, आणि हा क्लब वॉल्थमस्टोच्या ग्रीन पाँड रोडवरील मैदानांत बिऱ्हाडकरू म्हणून राहूं लागला.

यापुढचा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. भटास दिली ओसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे, ती येथें अक्षरशः खरी ठरली. १९८८ सालीं यजमान वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूच पाहुण्यांत विलीन झाला! नांव लेटनस्टोन व इलफर्ड हेंच राहिलें. मँचेस्टरशीं बरोबरी करणाऱ्या क्लबाचें नांव पाटीवर उरलें नाहीं. पुढच्याच वर्षीं या संयुक्त क्लबानें लीग जिंकली, पण वरच्या 'कॉन्फरन्स' मध्यें त्यास प्रवेश मिळाला नाहीं, कारण मैदान नियमांत बसत नव्हतें. त्याच सुमारास तें मैदानही घरांसाठीं विकण्यांत आलें. क्लबानें नवें नांव घेतलें 'रेडब्रिज फॉरेस्ट'. रेडब्रिज आणि वॉल्थम फॉरेस्ट हीं १९६५ सालीं निर्माण झालेल्या दोन नगर-विभागांचीं नांवें. त्यांचे तुकडे जोडून हें नांव झालें. नगरपालिकेच्या कागदावर तें शोभतें. परंतु कोण्या पोरानें कधीं आपल्या बापाला 'आपण कोठले?' असें विचारलें असतां 'रेडब्रिज फॉरेस्टचे' असें उत्तर ऐकलें असेल, असें मला वाटत नाहीं. आणि या क्लबाचें नवें बिऱ्हाड ना रेडब्रिजमध्यें, ना फॉरेस्टमध्यें. तें होतें डॅगनम येथें.

डॅगनमची गोष्ट निराळी आहे. पहिल्या महायुद्धानंतर लंडन कौंटी कौन्सिलनें तेथें बेकन्ट्री नांवाची अवाढव्य वसाहत उभारली. १९३१ सालीं फोर्डचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. गांवच नवें, तेव्हां क्लबही नवा: १९४९ चा. जुन्या तिघांच्या मानानें तो कालचा पोर. पण १९८० सालीं त्यानें वेम्ब्लीवर मॉसलीचा पराभव करून एफ्. ए. ट्रॉफी मिळविली होती. पुढें १९८८ सालीं तो कॉन्फरन्समधून खालीं घसरला. आतां पहा: एकाजवळ चांगला संघ होता पण अंगण नव्हतें; दुसऱ्याजवळ व्हिक्टोरिया रोडचें मैदान होतें पण दिवस पडते होते. रेडब्रिज फॉरेस्टनें १९९१ सालीं पुन्हां लीग जिंकली, मैदानाची डागडुजी झाली होती, आणि या वेळीं कॉन्फरन्सचें दार उघडलें. १९९२ सालीं दोघे एक झाले. पहिला व्यवस्थापक जॉन स्टिल. नांवांत डॅगनम पुढें, रेडब्रिज मागें; 'फॉरेस्ट' गळालें. प्रेक्षक तर नुसतें 'डॅगर्स' म्हणून ओरडतात, आणि त्यांत रेडब्रिजही उरत नाहीं.

नव्या क्लबाची पुढची वाटचाल थोडक्यांत सांगतों. १९९६ सालीं तो खालीं गेला, २००० सालीं वर आला. २००२ सालीं बॉस्टन युनायटेडच्या बरोबरीनें गुण मिळवूनही केवळ गोलांच्या फरकानें त्याची बढती हुकली. पुढें बॉस्टननें खेळाडूंच्या करारांत गैरप्रकार केल्याचें उघडकीस आलें, त्यांचे गुणही कापले गेले, पण बढती त्यांचीच राहिली. २००७ सालीं, परत आलेल्या जॉन स्टिलच्या हाताखालीं, क्लबानें इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें पाऊल टाकलें. इलफर्ड, लेटनस्टोन, वॉल्थमस्टो या हौशी क्लबांनीं ज्या उंबरठ्याकडे कधीं नजरही टाकली नव्हती, तो हा उंबरठा. २०१० सालीं रॉदरहॅमला तीनास दोन असें हरवून तो आणखी एक पायरी चढला. ती पायरी एकच वर्ष टिकली. २०१६ सालीं लीग सुटली, आणि २०२५ सालीं तो नॅशनल लीगच्या दक्षिण विभागांत उतरला.

मग हे सात हौशी चषक कोणाचे? कायद्यानें पाहिलें तर वारस एकच आहे. परंतु १९५२ सालीं एक लाखांत उभ्या असलेल्या वॉल्थमस्टोच्या माणसास डॅगनमच्या फाटकाशीं तिकीट काढून 'हा माझा क्लब' असें म्हणावयास सांगणें, हें मला तरी कठीण वाटतें. वॉल्थमस्टोपासून डॅगनम म्हणजे दुसरें गांव, दुसरे शेजारी, शनिवारच्या बसचाही दुसरा रस्ता. असे किती प्रेक्षक या वाटेंत गळले, याची मोजदाद कोणत्या विलीनीकरणाच्या करारांत लिहिलेली नसते.

इलफर्डकरांनीं मात्र १९८७ सालीं आपल्या गांवाच्या नांवाचा एक नवा क्लब काढला, आणि लहान लीगमध्यें पहिल्यापासून खेळण्यास आरंभ केला.