विश्लेषण : मांजरासह परदेशी जायचेय? खर्च नेमका कुठे वाढतो?

नोकरीचे पत्र आले, व्हिसा झाला, घरमालकाला नोटीसही दिली. मग प्रश्न उभा राहतो : घरातल्या दोन मांजरांचे काय? त्यांचेही तिकीट काढले की झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात तिकीट ही शेवटची पायरी. पुण्या-मुंबईतून जर्मनीला जायचे, तर मांजराची तयारी किमान पाच महिने आधी सुरू करावी लागते.

इतका वेळ का लागतो?

कारण रेबीज. या रोगाच्या बाबतीत युरोपीय संघाने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी मांजराच्या कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप बसवायची, मग रेबीजची लस द्यायची. लस देताना मांजर किमान १२ आठवड्यांचे हवे. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा. त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणारी ‘टायटर’ चाचणी युरोपीय संघमान्य प्रयोगशाळेतच व्हावी लागते. नमुना घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचे. पैसे मोजून हा काळ कमी होत नाही.

चूक कुठे होते?

लस आधी आणि चिप नंतर, हा क्रम चालत नाही. पुन्हा लस, पुन्हा प्रतीक्षा. बूस्टरची तारीख हुकली तरी तेच. शेवटी केंद्राच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबईत तिचे कार्यालय आहे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून १० दिवसांत युरोपात पोहोचायला हवे.

खर्च कशाकशाचा?

चिप, लस, चाचणी, नमुन्याचे कुरिअर, पिंजरा, प्रमाणपत्र, विमानभाडे आणि हवा असल्यास एजंट. चिप, लस, चाचणी प्रत्येक मांजराची वेगळी. भाड्यातला मोठा फरक केबिन आणि कार्गो यांतला. काही विमान कंपन्या लहान मांजर केबिनमध्ये घेऊ देतात. कार्गोत मात्र प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त, त्यावर आकारणी होते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६०००ने भागायचे. ६० बाय ४० बाय ४०चा पिंजरा असेल, तर हिशेब १६ किलोंचा. आत मांजर चार किलोंचे का असेना! एजंटमार्फत कार्गोने पाठवल्यास एकूण खर्च अनेकदा लाखापुढे जातो.

देश बदलला तर?

ब्रिटनमध्ये भारतातून विमानाने नेलेले मांजर सहसा कार्गोनेच जाते. चाचणी आणि तीन महिन्यांचा नियम तिथेही आहे. अमेरिकेत मांजरासाठी केंद्रीय पातळीवर रेबीज लसीची सक्ती नाही. मात्र राज्य आणि विमान कंपनी यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. ऑस्ट्रेलियात भारतातून मांजर थेट नेताच येत नाही. आधी मान्यताप्राप्त देशात न्यावे लागते, पुढे मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात किमान १० दिवसांचे विलगीकरण. त्याचा खर्चही मालकाचाच.

‘आपण जाऊ, मांजर मागाहून येईल’ हे जमेल का?

जमते, पण त्यालाही अट आहे. युरोपात मालकाच्या आणि मांजराच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तर व्यापारी वाहतुकीचे अधिक कडक नियम लागू होतात. ते टाळायचे, तर मांजरासाठी पुन्हा भारतात यावे लागते. म्हणजे आणखी एक परतीचे तिकीट.

मग आज काय करावे?

परदेशाचा विचार पक्का नसला तरी चिप आणि लस योग्य क्रमाने उरकून घ्यावी. चाचणीत पास झालेल्या मांजराला बूस्टर वेळेवर मिळत राहिला, तर युरोपसाठी ती चाचणी पुन्हा करावी लागत नाही. नोकरीचा प्रस्ताव स्वीकारताना स्थलांतर भत्त्यात पाळीव प्राण्याचा खर्च धरला आहे का, हेही विचारावे. पिंजरा महिनाभर आधी आणून घरात उघडा ठेवावा, म्हणजे मांजराला त्यात बसायची सवय होते. आणि तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचे ताजे नियम वाचावेत.