एक कोटी नावांची फाइल साध्या लॅपटॉपवर कशी वाचायची?

मुंबई महापालिकेच्या मतदारयादीत एक कोटीहून जास्त नावं आहेत. समजा, ती सगळी एकाच टेक्स्ट फाइलमध्ये आहेत आणि हरकतीची मुदत संपण्याआधी तुम्हाला परळ-लालबागमधली दुबार नावं शोधायची आहेत.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ओळीला १०० चिन्हं धरली, तरी फाइल ३ जीबीची होते. पायथनमध्ये 'रीड'ने ती अख्खी मेमरीत ओढली, तर लॅपटॉप अडकू शकतो.

त्याऐवजी 'फॉर' लूपने एकेक ओळ वाचा. लालबागच्या राजाच्या रांगेसारखं: एक पुढे सरकला की दुसरा. नको असलेल्या प्रभागाची ओळ सोडून द्या. हव्या ओळीतलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय 'सेट'मध्ये ठेवा. तेच पुन्हा आलं, तर वेगळं नोंदवा. खात्री मात्र पत्त्यावर जाऊनच करा. सारख्या नावाची दोन माणसंही असतात.