शहरालगतच्या शेतजमिनीची विक्री आणि भांडवली नफ्यावरील कर

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. त्यानंतर शहराची सीमा सतत शिवारांकडे सरकत राहिली. १९९७ मध्ये भोवतालची अनेक गावे शहरात आली, २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे समाविष्ट झाली. मुठेच्या कालव्यावर ऊस व भाजीपाला पिकविणाऱ्या हडपसर, मांजरीकडील शेतकऱ्यास जमीन विकताना आज जी रक्कम मिळते, ती त्याच्या वडिलांनी आयुष्यभर काढलेल्या पिकांच्या किमतीहूनही मोठी असते. ‘सातबारा शेतीचा आहे, तेव्हा आयकराशी आपला काय संबंध?’ ही समजूत मात्र अद्याप कायम आहे, आणि ती फार महाग पडते.

पिकापासून मिळणारे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. जमीन विकून होणारा नफा ही निराळी बाब होय. विक्रीच्या किमतीतून जमिनीची मूळ किंमत व विक्रीचा खर्च वजा जाता जे उरते, त्यास भांडवली नफा म्हणतात. १९७० पर्यंत सर्वच शेतजमिनी या करातून वगळलेल्या होत्या. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने शहरी हद्दीतील व तिच्या लगतच्या जमिनी करपात्र ठरविल्या. असा नफाही शेतीचेच उत्पन्न होय, असा निर्णय पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. परंतु १९८९ मध्ये संसदेने १९७० पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करून ती वाट बंद केली.

आता ‘लगत’ म्हणजे किती, हे पाहू. दहा हजार वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या, महानगरपालिकेच्या अथवा कटक मंडळाच्या हद्दीतील शेतजमीन करपात्र आहे. हद्दीबाहेर, लोकसंख्या दहा हजारांवर पण एक लाखापर्यंत असल्यास २ किलोमीटर, एक लाखावर पण दहा लाखांपर्यंत असल्यास ६ किलोमीटर आणि दहा लाखांहून अधिक असल्यास ८ किलोमीटरपर्यंतचा पट्टा तिच्यात धरला जातो. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत आकाशमार्गे मोजावयाचे असते. पुण्यास अर्थातच ८ किलोमीटरचा नियम लागू होतो. म्हणून केसनंद किंवा लोणी काळभोर यांसारख्या शहराच्या सीमेलगतच्या गावांतील शेतकऱ्याने आपण महापालिकेबाहेर आहोत एवढ्यावर विसंबू नये. फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये महापालिकेतून निघाली. पण पट्ट्यातून ती निघालेली नाहीत. जमीन या पट्ट्याच्या काठावर असल्यास व्यवहारापूर्वीच अंतराचा शासकीय दाखला घेऊन ठेवावा. पट्ट्याबाहेरील शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाही. मात्र ती विक्रीपूर्वी अकृषिक करून घेतली तर ही सवलत गमवावी लागते.

कराची आकारणी उदाहरणाने स्पष्ट होईल. वडिलोपार्जित एक एकर जमीन २०२५-२६ मध्ये दोन कोटी रुपयांस विकली असे समजू. जुन्या जमिनीची १ एप्रिल २००१ रोजीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती मुद्रांक शुल्काच्या दराने ठरणाऱ्या किमतीहून अधिक धरता येत नाही. ती पाच लाख असल्यास नफा १,९५,००,००० रुपये होतो व त्यावर साडेबारा टक्क्यांनी २४,३७,५०० रुपये कर येतो. उपकर व लागू असल्यास अधिभार वेगळा. २३ जुलै २०२४ पूर्वी जमीन ज्याच्याकडे होती, त्यास महागाईच्या निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून २० टक्क्यांनी हिशेब करण्याचाही पर्याय आहे. त्या वर्षीचा निर्देशांक ३७६ असल्याने पाच लाखांचे १८,८०,००० होतात आणि कर ३६,२४,००० रुपये येतो. म्हणजे येथे साडेबारा टक्केच हितावह. याउलट २०१२-१३ मध्ये एक कोटीस घेतलेली जमीन दोन कोटींस विकणाऱ्यास निर्देशांकाच्या पद्धतीने २,४०,००० आणि दुसरीने १२,५०,००० रुपये कर पडेल. म्हणून दोन्ही हिशेब करून पाहावेत. (जमीन चोवीस महिन्यांच्या आत विकल्यास हे दर लागू होत नाहीत.)

हा कर वाचविण्याचा शेतकऱ्यास सर्वांत उपयुक्त मार्ग म्हणजे विक्रीपासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेणे. जेवढी रक्कम तीत गुंतेल तेवढा नफा करमुक्त होतो. नवी जमीन तीन वर्षे विकता कामा नये. पण यास एक अट आहे आणि तिथेच आमच्या खात्याचा संबंध येतो. विकलेल्या जमिनीत आधीची लागोपाठ दोन वर्षे स्वतः किंवा आई-वडिलांनी शेती केलेली असली पाहिजे. पुण्याभोवती फिरताना काय दिसते? गिऱ्हाईक येणार म्हणून जमिनीस तारेचे कुंपण घातलेले, आत गवत माजलेले, आणि गाव नमुना बारामध्ये ‘पड’ अशी नोंद. असा शेतकरी ज्वारीचे दोन हंगाम वाचवितो आणि लाखोंची सवलत घालवून बसतो. सौदा ठरत असला तरी पेरणी थांबवू नये. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत दर हंगामाची नोंद वेळेवर करावी. बियाणे-खतांच्या पावत्या व बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात.

रस्ता वा अन्य सार्वजनिक कामासाठी शहरी पट्ट्यातील जमीन सक्तीने संपादित झाली, तर दोन वर्षांच्या याच अटीवर व्यक्तीस अथवा एकत्र कुटुंबास मोबदल्यावर कर पडत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाड्याने मिळालेला मोबदला तर करमुक्तच आहे.

नव्या जमिनीचे खरेदीखत विकणाऱ्याने स्वतःच्याच नावे करावे. मुलाच्या नावे घेतलेल्या जमिनीवरून सवलत नाकारली जाऊन प्रकरणे न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत मनासारखी जमीन न मिळाल्यास ती रक्कम साध्या बचत खात्यात न ठेवता, अधिकृत बँकेत १९८८ च्या योजनेखालील भांडवली नफा खाते उघडून मुदतीपूर्वी त्यात भरावी, आणि जमीन घेताना तेथूनच काढावी.