भीती सोबत असताना (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण विचार तपासून बघण्याची रीत पाहिली. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घडवलेली ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’ विचार खरा की खोटा या वादात फारशी पडत नाही. त्या विचारापायी तुम्ही काय काय करायचं सोडलंत, हे ती विचारते. कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराचा आंबा-काजूचा मोहोर अवकाळीने गळला आणि सोसायटीचा हप्ता तोंडावर आला, तर ‘यंदा काही खरं नाही’ हा विचार चुकीचा आहे, असं त्याला कसं पटवणार? तो बराचसा खराच असतो. पण ती धास्ती जाणवू नये म्हणून माणूस बागेकडे फिरकत नाही, फोन उचलत नाही, मुंबईतल्या भावाशी बोलत नाही, संध्याकाळी बाटली जवळ करतो. मोहोर पावसाने नेला, पण पुढचं बरंचसं दुखणं या टाळण्यातून वाढतं. मनातून हाकललेली गोष्ट जातही नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तरी तो येतच राहिला. म्हणून इथे समुपदेशक छातीतली धडधड नीट न्याहाळायला शिकवतो. ‘माझ्या मनात असा विचार येतोय’ एवढंच म्हणायला लावतो आणि मग धडधड असतानाच उद्या कोणतं एक काम करायचं, ते ठरवायला मदत करतो.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा, की हे तर ‘सोसा’ म्हणणंच झालं, आणि सोसायला आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या शिकवलंच आहे. हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. पण स्वीकार करायचा तो मनात उठलेल्या भीतीचा, मारहाणीचा नव्हे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची भीती आधी संपेल आणि मग ती तक्रार करेल, असं होत नाही. हात थरथरत असताना पोलीस ठाण्याची पायरी चढता येणं, हे या उपचाराचं फळ. ‘जुळवून घे’ सांगणारा समुपदेशक नेमकं उलटं काम करतो. दुसरा आक्षेप, आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतातच, मग हे कशाला? गाऱ्हाण्यात दुःख चारचौघांत मोठ्याने मांडलं जातं आणि त्याला ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ मिळते. ही ताकद कुणी हिणवू नये. मात्र तिथे पीडा टळावी अशी मागणी असते. पीडा टळली नाही तर उद्याचा दिवस कसा काढायचा, हे शिकवणारं कुणीतरी लागतंच.

पुरावा काय सांगतो? या पद्धतीच्या जवळच्या, सजगतेवर आधारलेल्या उपचाराच्या २००० सालच्या चाचणीत, नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये ते पुन्हा उलटण्याचं प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आलं. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत मात्र तो औषधांपेक्षा सरस ठरला नाही. नैराश्य उलटण्याचं प्रमाण ४४ विरुद्ध ४७ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. तेव्हा चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. युगांडातल्या ६९४ दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांना हेज यांच्या पद्धतीवरचा कार्यक्रम ध्वनिमुद्रणावरून, गटात, पाच आठवडे दिला गेला. त्यांचा मानसिक ताण कमी झाला, पण काही महिन्यांनी हा फरक ओसरू लागला.

‘कुडाळात असे तज्ज्ञ आहेत कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर तासाभरावरच्या गोव्यात मिळतं. उपचारासाठी बांबोळीचं इस्पितळ गाठणाऱ्या आपल्या लोकांना ती वाट पाठ आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या जवळपास पाचशे जणांवर चाचणी घेतली. समुपदेशक गावातलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेली माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांतले ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती पद्धत हेज यांची नव्हे, तिच्या नात्यातली. मन सुधारण्याची वाट न बघता कृतीला लागायचं, हा धागा दोन्हींत एकच. कुडाळच्या आरोग्य केंद्रांतल्या आशाताईंना असं प्रशिक्षण देण्यात अडचण माणसांची नाही. लागतं ते त्यांच्या वाढीव कामाचं मानधन आणि दर आठवड्याला देखरेख करणारा तज्ज्ञ. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात या दोन गोष्टींची मागणी करता येते. ते होईपर्यंत, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.