थंडी ओळखणारे प्रथिन

मे महिन्यात नांदुऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुधाची पातेली फ्रिजमध्ये जातात. 'थंडीत जंतू मरतात' असे मुले वर्गात ठामपणे सांगतात. मग तेच दूध काही दिवसांनी फ्रिजमध्येच का बिघडते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. थंडीत बहुतेक जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. स्यूडोमोनास कुळातले काही जीवाणू तर ४ अंश सेल्सिअसलाही वाढत राहतात. गरोदर स्त्रियांना विशेष घातक असा लिस्टेरियाही त्यांतलाच. म्हणून हा गैरसमज वर्गातच दूर व्हायला हवा.

एका परीक्षानळीत खोबरेल, दुसरीत जवसाचे तेल घेऊन दोन्ही बर्फात ठेवा. खोबरेल थिजेल, जवसाचे तेल पातळच राहील. खोबरेलातील मेदाम्लांच्या बहुतेक साखळ्या सरळ असतात. गारठ्यात त्या काड्यांच्या मोळीसारख्या घट्ट बसतात. जवसाच्या साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे मोळी नीट बांधली जात नाही. जीवाणूचे पेशीपटल अशाच साखळ्यांचे बनलेले असते आणि अन्न आत घेणारी प्रथिने त्यातच बसलेली असतात. पटल थिजले की ती जखडतात.

पण थंडी पडली हे जीवाणूला कळते कसे? मातीतल्या बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूबाबत अर्जेंटिनातील दिएगो दे मेंडोझा व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचा उलगडा केला. त्याच्या पटलात 'डेस-के' हे प्रथिन रोवलेले असते. थंडीत साखळ्या ताठ होऊन पटल किंचित जाड होते. हा बदल डेस-केला जाणवतो आणि ते फॉस्फेटचा गट 'डेस-आर' या दुसऱ्या प्रथिनाला देते. डेस-आर एका जनुकाला जागे करते. त्यापासून बनणारे विकर पटलातल्या तयार साखळ्यांतच दुहेरी बंध घालते, म्हणजे त्यांना बाक आणते. पटल पुरेसे पातळ झाले की डेस-के तोच फॉस्फेट काढून घेते. चालू-बंद करणारे बटण एकच!

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी आणि एम. के. रे यांनी अंटार्क्टिकातील स्यूडोमोनास सिरिंजी या जीवाणूचा अभ्यास केला. त्याच्या पटलातील प्रथिनांना फॉस्फेट जोडले जाण्याची क्रियाही तापमानानुसार बदलते, असे त्यांनी १९९४ मध्ये दाखवले. आपल्या फ्रिजमधले दूध नासवणारे स्यूडोमोनास याच जीवाणूचे भाऊबंद.