तिवरांची वने आणि कोळंबीची तळी

खाडीकाठच्या शाळांतून तिवरांची रोपे लावण्याचा उपक्रम होतो. तो स्तुत्य होय. परंतु रोपे जेथे लावावयाची, त्या जागेची परीक्षा आधी झाली पाहिजे.

कोळंबीच्या तळ्यांतील खाद्याचा काही भाग तसाच तळाशी बसतो. त्यात विष्ठेची भर पडून नत्र व स्फुरद यांनी युक्त असा गाळ साचतो. हे सांडपाणी खाडीत सोडले असता शेवाळ माजते व ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. ती गाळाखाली गाडली गेल्यास झाड गुदमरते.

सोडून दिलेल्या तळ्यांची स्थिती याहून बिकट असते. बांधामुळे भरती आत शिरत नाही. खणलेल्या खारमातीतील गंधकयुक्त खनिजास हवा लागून गंधकाम्ल तयार होते. अशा जमिनीत रोप तग धरीत नाही. म्हणून प्रथम भरती-ओहोटीचा मार्ग मोकळा व्हावा लागतो. मग जवळच्या झाडांची बीजे पुष्कळदा आपोआप रुजतात. बांध फोडणे हे मात्र शासकीय खात्याचे काम, शाळेचे नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली किनारपट्टीवरील अशा तळ्यांवर, पारंपरिक पद्धती वगळून, कडक निर्बंध घातले. २००५ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक झाली.

शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी मुलांसह काठावरूनच पाहणी करावी. किती रोपे लाविली, यापूर्वी भरतीचे पाणी तेथे पोहोचते काय, ही नोंद वहीत व्हावी.